जॉर्जिया राज्याचा ज्यूद्वेषाच्या व्याख्येचा कायदा माझ्या लेकीच्या कामाचा आहे का?

माझगावची_आई

नमस्कार मंडळी. इथे कायद्यातलं जाणणारे बरेच जण लिहितात, म्हणून इथेच विचारते आहे. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न नीट कळायचा नाही.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, राहणार माझगाव. मूळ अलिबागकडचे, त्यामुळे आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर'. मुलगी अमेरिकेत जॉर्जिया राज्यात एम.एस. करते. पहिलं वर्ष संपल्यावर तिला जागा बदलायची होती. तिथल्या भारतीय विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका फ्लॅटचा मेसेज आला. तिघी जणी राहतात, चौथी हवी. दोघी पुण्याच्या, एक हैदराबादची. ही जाऊन खोली बघून आली, भाड्याचा वाटा ठरला, डिपॉझिट कधी द्यायचं तेही ठरलं. पुण्याच्या एकीला घरच्या जेवणाची आठवण येत होती म्हणून हिने एका रविवारी त्यांच्याच ओट्यावर वालाचं बिरडं केलं. वाल भिजवून, मोड आणून, एकेक सोलून. जेवताना कोणीतरी विचारलं, "आडनावावरून तू कोकणातली वाटतेस, मग सीकेपी का?" हिने सांगितलं, आम्ही ज्यू. तेव्हा कोणी काहीच बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मेसेज आला. तिने मला तो तसाच पाठवला. "हाय, आम्ही तिघींनी बोलून ठरवलंय की सध्या नको. गाझावरून घरात टेन्शन नकोय कोणालाच. प्लीज समजून घे." आणि शेवटी हात जोडल्याची खूण.

माझ्या मुलीने गाझाबद्दल त्या घरात अवाक्षर काढलं नव्हतं. माझ्या नणंदेचं कुटुंब इस्राएलमध्ये दिमोनाला असतं, त्यांच्या काळजीने आम्ही इथे रात्ररात्र जागलो आहोत. तिकडे गाझात मेलेल्या लेकरांचे फोटो बघून माझी मुलगी फोनवर रडली आहे. यातलं त्या मुलींनी काहीच विचारलं नाही. ज्यू एवढं कळलं आणि निर्णय झाला.

माझं सगळं आयुष्य मुंबईत गेलं. लग्न सात रस्त्याच्या तिफेरेत इस्राएल सिनेगॉगमध्ये, आमच्या प्रार्थनामंदिरात झालं. खालच्या मजल्यावरच्या खालाने माझ्या दोन्ही बाळंतपणांत माझ्यासाठी डिंकाचे लाडू केले. ज्यू म्हणून या शहरात मला कोणी घर नाकारलेलं नाही. ब्रोकर लोकांनी 'व्हेज की नॉनव्हेज' मात्र दरवेळी विचारलं. त्यामुळे ज्यू म्हणून दार बंद होणं काय असतं, ते मला माझ्या मुलीमुळे आत्ता कळतं आहे, आणि तेही मराठी बोलणाऱ्या मुलींकडून.

आता दुसरी बाजू. तिच्या लॅबमध्ये एक मुलगी आहे, तिचे आजीआजोबा पॅलेस्टाइनमधल्या रामल्लाचे. जागेचं फिसकटल्यावर स्वतःची गाडी घेऊन तीच आली, हिचं सामान तिने स्वतःच्या घरी नेलं आणि नवी खोली मिळेपर्यंत हिला ठेवून घेतलं. ती युद्धाविरुद्ध पोस्टर लावते, निदर्शनांना जाते. तिला आता लोक सांगतात, नवा कायदा आलाय, जपून राहा.

तर कळलं ते असं, की जॉर्जिया राज्याने २०२४ मध्ये ज्यूद्वेषाची व्याख्या कायद्यात घातली आहे. माझी मुलगी त्याखाली तक्रार करू शकते का? आणि तिने मला जे विचारलं तेच मी तुम्हाला विचारते: "आई, माझ्यासाठी केलेला कायदा हिच्यावर चालणार असेल, तर मी त्याचं नाव घेऊ का?"

फोर्टातला_वकील

ताई, मेसेज वाचून वाईट वाटलं. मी मुंबईत वकिली करतो, तक्रार दाखल करायची झाली तर तिथला वकील गाठावाच लागेल. पण कायद्याची रचना समजावून सांगतो, म्हणजे कोणाकडून काय अपेक्षा ठेवायची ते ठरवता येईल.

आधी कायदा काय करतो ते. जॉर्जियाचं हे 'हाऊस बिल ३०'. गव्हर्नर ब्रायन केम्प यांनी ३१ जानेवारी २०२४ ला सही केली. बरेच जण समजतात की ज्यूंविरुद्ध बोलणं हा आता नवा गुन्हा झाला. तसं नाही. या कायद्याने एकही नवा गुन्हा तयार केलेला नाही. भेदभावाविरुद्धचे जे कायदे आधीपासून आहेत, ते राबवताना एखाद्या कृत्यामागे भेदभावाचा हेतू होता का हे सरकारी यंत्रणेला ठरवावं लागतं. ते ठरवताना एक विशिष्ट व्याख्या विचारात घ्या, एवढंच हा कायदा सांगतो. तसंच २०२० मध्ये जॉर्जियाने द्वेषातून केलेल्या गुन्ह्यांना जादा शिक्षेचा कायदा केला, त्यातही हेतू तपासताना ही व्याख्या येते. म्हणजे आधी मूळ कायद्याखाली बसणारं कृत्य हवं. ते नसेल तर व्याख्येला काही कामच उरत नाही.

ही व्याख्या इंटरनॅशनल होलोकॉस्ट रिमेंबरन्स अलायन्स या संस्थेची. २६ मे २०१६ ला बुखारेस्टच्या बैठकीत त्यांनी ती स्वीकारली आणि 'कायद्याने बंधनकारक नसलेली कामचलाऊ व्याख्या' असंच तिला म्हटलं. मूळ मजकूर दोन वाक्यांचा. सार असं की ज्यूद्वेष म्हणजे ज्यूंकडे पाहण्याची अशी एक धारणा, जी त्यांच्याविषयीच्या द्वेषाच्या रूपाने व्यक्त होऊ शकते. खाली ११ उदाहरणं जोडली आहेत. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांनी ही व्याख्या कोणत्या ना कोणत्या रूपात घेतली आहे, आणि भांडण सगळं त्या उदाहरणांवरून आहे. इंडियानात २०२४ मध्ये विधिमंडळाने उदाहरणं वगळून विधेयक पाठवलं, तर गव्हर्नरनी ते नाकारलं. इतका त्या उदाहरणांवर जीव आहे दोन्ही बाजूंचा.

आता तुमच्या मुलीचं. त्या ११ उदाहरणांतलं एक तिच्यासाठीच लिहिल्यासारखं आहे: इस्राएल राज्याच्या कृतींसाठी ज्यूंना सामुदायिकरीत्या जबाबदार धरणे. गाझाचं टेन्शन नको म्हणून ज्यू मुलीला खोली नाकारणं यात चपखल बसतं. पण दार नाकारलं कोणी? विद्यापीठाने नाही, सरकारने नाही, घरमालकानेही नाही. तीन भाडेकरू मुलींनी. अमेरिकेत घराच्या बाबतीत धर्मावरून भेदभाव करायला १९६८ च्या फेअर हाऊसिंग कायद्याने बंदी आहे. मात्र राहत्या घरात सोबतीला कोण असावं ही निवड त्या कायद्याखाली येत नाही, असं पश्चिम किनाऱ्यावरच्या संघीय अपील न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितलं. घरातल्या चार भिंतींत कोणाबरोबर राहायचं ही खासगी बाब, असं त्याचं सूत्र. जॉर्जिया त्या न्यायालयाच्या हद्दीत येत नाही, पण समोरचा वकील हाच निकाल पुढे ठेवणार. तेव्हा स्पष्ट सांगतो: त्या तिघींविरुद्ध कायदेशीर दावा उभा राहणं कठीण आहे, आणि व्याख्येचा कायदा त्यात भर घालू शकत नाही.

विद्यापीठाचा मुद्दा वेगळा. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं सहावं प्रकरण सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांना लागू होतं. त्यात वंश, रंग आणि मूळ राष्ट्र आहे, धर्म नाही. पण ज्यू, मुस्लिम, शीख विद्यार्थ्यांना त्यांच्या वंशपरंपरेवरून त्रास झाला तर तो त्यात येतो, ही भूमिका तिथल्या शिक्षण खात्याने २००४ पासून घेतलेली आहे. उद्या तोच ग्रुप तिला लॅबमध्ये, वर्गात, हॉस्टेलात वाळीत टाकू लागला आणि विद्यापीठाने कळवूनही दुर्लक्ष केलं, तर हे प्रकरण उघडतं.

आणि तिची मैत्रीण. घाबरवणाऱ्यांनी तिला व्याख्येतलं अर्धंच सांगितलं आहे. त्याच मजकुरात लिहिलंय की इतर कोणत्याही देशावर होते तशी इस्राएलवरची टीका ज्यूद्वेष मानता येणार नाही. जॉर्जियाच्या कायद्यातही घटनेच्या पहिल्या दुरुस्तीने दिलेल्या, बोलण्याच्या स्वातंत्र्यासारख्या हक्कांना धक्का लागणार नाही असं कलम आहे. युद्धाविरुद्धचं पोस्टर हा गुन्हा नाही. तरी तिची धास्ती अनाठायी आहे असं मी म्हणणार नाही. इस्राएल राज्याचं अस्तित्व हाच वंशवादी उपद्व्याप आहे असं म्हणणं, किंवा इस्राएलच्या धोरणाची नाझींशी तुलना करणं, हीही त्या ११ उदाहरणांत आहेत. ज्या पोरीच्या आजोबांचं घर तिकडे आहे, ती रागाने असं काही लिहून बसू शकते. तुरुंगात नाही जाणार, पण विद्यापीठाच्या एखाद्या कार्यालयात तिची फाईल उघडेल. या मजकुराचा मूळ मसुदा लिहिण्यात पुढाकार असलेले केनेथ स्टर्न यांनी २०१७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे जाऊन सांगितलं की विद्यापीठांतलं बोलणं तपासायला हा मजकूर कायदा म्हणून वापरू नका. ज्यूद्वेषाच्या घटनांची नोंद ठेवणाऱ्यांना मोजमाप हवं, म्हणून तो लिहिला होता. लिहिणाराच असं म्हणतो तेव्हा मला ते फार वजनाचं वाटतं.

माझं स्वतःचं मत विचाराल तर महाराष्ट्राकडे बघा. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या कायद्यासाठी जन्म घालवला, तो २०१३ मध्ये त्यांच्या खुनानंतर आला. श्रद्धा कुठे संपते आणि अंधश्रद्धा कुठे सुरू होते यावर वर्षानुवर्षं रणं माजली. शेवटी जो कायदा झाला त्याने अंधश्रद्धेची व्याख्या केलीच नाही. खाली अनुसूची जोडली, १२ कलमांची. भूत उतरवायच्या नावाखाली माणसाला दोराने बांधणं, मारणं. साप चावला तर दवाखान्यात जाऊ न देता मंत्र घालणं. एखाद्या बाईला चेटकीण ठरवून तिचं जगणं मुश्कील करणं. कोणाच्या मनात काय आहे ते पोलिसाने ठरवायचं नाही, हाताने काय केलं ते बघायचं. सामाजिक बहिष्कारविरोधी कायदाही याच वाटेने गेला, त्यातही कृत्यांची यादी आहे. ज्यूद्वेषाच्या बाबतीत मला तीच वाट बरोबर वाटते. घर नाकारलं, नोकरी नाकारली, सिनेगॉगच्या दारात धमकावलं, वर्गातून हुसकलं, ही कृत्यं लिहा आणि त्यांना कडक शिक्षा द्या. एका परदेशाबद्दलचं मत मोजत बसू नका.

ठाणेकर_एल

वकीलसाहेबांनी खूप सविस्तर लिहिलं, पण शेवटच्या परिच्छेदाशी मी सहमत नाही. मीही बेने इस्राएल, ठाण्यात आयुष्य गेलं.

यादीवर भरवसा ठेवणाऱ्यांना एक सांगतो. जॉर्जियातच फेब्रुवारी २०२३ मध्ये ज्यू वस्त्यांत रात्री घराघरांपुढे प्लास्टिकच्या पिशव्यांतून ज्यूंविरुद्धची पत्रकं टाकली गेली. या विधेयकाच्या पुरस्कर्त्यांपैकी एक, तिथल्या सभागृहातल्या तेव्हाच्या एकमेव ज्यू सदस्या एस्थर पॅनिच, यांच्या घरासमोरही पडली. जून २०२३ मध्ये मेकन गावात सिनेगॉगसमोर निओ-नाझींनी ज्यू माणसाचा पुतळा फाशी दिल्यासारखा टांगला. कृत्य म्हणून बघाल तर पहिल्यात कचरा टाकला आणि दुसऱ्यात आवाज करून लोकांना त्रास दिला, एवढंच उरतं. त्यामागे काय आहे हे ओळखायचं तर ज्यूद्वेष म्हणजे काय हे कुठेतरी लिहिलेलं हवं. त्याच राज्यात, मॅरिएटाला, १९१५ मध्ये लिओ फ्रँक या ज्यू माणसाला जमावाने झाडाला लटकवलं होतं. तिथल्या ज्यूंना तो पुतळा बघून काय आठवलं असेल? मुंबईत बसून अंदाज करायचा तर नरिमन हाऊस आठवा. २६ नोव्हेंबर २००८ ला त्या गल्लीतलं ते घर हल्लेखोरांना चुकून सापडलेलं नव्हतं. ते निवडलं होतं, आत ज्यू राहतात म्हणून. रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, होल्ट्झबर्ग, त्यांची बायको, एकूण सहा जण गेले. लहानग्या मोशेला सँड्रा सॅम्युअलने उचलून बाहेर आणलं म्हणून तो वाचला.

आपल्याकडे ज्यूद्वेष नाहीच असं आपण अभिमानाने सांगतो. राजांनी छळलं नाही, शेजाऱ्यांनी छळलं नाही, हे खरंच आहे, आणि जगात फार थोड्या देशांतले ज्यू असं म्हणू शकतात. डॉ. ई. मोझेस १९३७ मध्ये या शहराचे महापौर झाले, महालक्ष्मीहून वरळीला जाणारा रस्ता त्यांच्या नावाचा आहे. पण २००६ मध्ये खारघरला हिटलरच्या नावाने हॉटेल निघालं आणि बाहेर त्याची तसबीर लागली, तेव्हा आपल्या समाजातल्या लोकांना जाऊन समजावावं लागलं की हा माणूस कोण होता. मालकाने नाव बदललं. द्वेष नव्हता त्याच्या मनात, माहिती नव्हती. त्या पुण्याच्या पोरींनाही माहिती नसेल. व्याख्या लिहिलेली असली की निदान दाखवायला कागद असतो.

त्या रामल्लाच्या पोरीचे मात्र आभार मानतो. माझ्याकडून तिला आशीर्वाद सांगा.

चेंबूरचा_मुलगा

काकू, तुमच्या मुलीला जो प्रश्न विचारला ना, "आडनावावरून तू कोण?" तो मला कॅलिफोर्नियात पहिल्याच महिन्यात विचारला गेला. माझं आडनाव काही सांगत नाही, म्हणून मग विचारलं, गाव कुठलं, वडील काय करतात, घरी देव कुठले. मी म्हटलं, घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो आहे. त्यानंतर त्या घरातल्या फ्रिजमध्ये माझ्यासाठी वेगळा कप्पा झाला. भांडी वेगळी झाली. कोणी शिवी दिली नाही, सगळे हसून बोलायचे. आठवड्याचा स्वयंपाक वाटून घ्यायचो त्यातून माझा वार मात्र गळला.

मी विद्यापीठाच्या कार्यालयात गेलो. समोरच्या बाई चांगल्या होत्या, मनापासून ऐकत होत्या, पण त्यांना जात म्हणजे काय ते माहीत नव्हतं. त्या विचारत होत्या, "पण तुम्ही सगळे भारतीयच ना?" एक तास मी माझ्या तक्रारीवर बोललोच नाही, जात समजावत बसलो. सांगताना माझाच अपमान पुन्हा होत होता.

म्हणून व्याख्येच्या बाबतीत माझं मन वकील काकांपेक्षा वेगळं आहे. आमच्यासाठी सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये भेदभावविरोधी नियमात 'जात' हा शब्द घातला, अमेरिकेतलं ते पहिलं शहर. कॅलिफोर्नियात विधिमंडळाने तसंच विधेयक मंजूर केलं आणि गव्हर्नर न्यूसम यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये ते परत पाठवलं, कारण दिलं की जुन्या कायद्यातल्या वंशपरंपरेत हे आधीच येतं. कागदावर येत असेल. त्या बाईंच्या टेबलावर येत नव्हतं. कायद्यात नाव लिहिलेलं असलं की तक्रार घेणाऱ्याला समोर काय आहे ते ओळखू येतं, आणि पीडिताला शिकवणी घ्यावी लागत नाही.

पण फरकही सांगतो. सिएटलच्या नियमात 'जात' एवढं लिहिलं. हिंदू धर्मावर टीका केली तर तो भेदभाव, किंवा भारत सरकारवर टीका केली तर तो भेदभाव, असलं काही त्यात नाही. कोणी तसं घातलं असतं तर मीच विरोध केला असता, कारण मग पहिली नोटीस मलाच आली असती. आणि बाबासाहेबांचं नाव घेणाऱ्या प्रत्येकाला आली असती. तुमच्या मुलीच्या मैत्रिणीची भीती मला इथून कळते.

अॅट्रॉसिटी कायदाही मी वाचलाय, वकील काका. त्यात यादी आहेच, पण कोणाविरुद्ध हेही स्पष्ट लिहिलंय. अनुसूचित जाती आणि जमाती. नाव आणि कृत्य, दोन्ही एकत्र. जॉर्जियात तसं करता आलं नसतं का?

आणि काकू, तिला सांगा की पुण्याच्या त्या मुलींशी भांडायला जाऊ नकोस, पण ग्रुपवर एकदा लिही. जागा नाकारली आणि का नाकारली, नावं न घेता. मी लिहिलं नव्हतं. माझ्यानंतर त्याच घरात आलेल्या नांदेडच्या मुलाला तोच फ्रिजचा कप्पा मिळाला.

फोर्टातला_वकील

चेंबूरच्या मित्रा, तुझं म्हणणं बरोबर आहे आणि मी त्याच्याशी सहमत आहे. कोणाविरुद्ध आणि काय केलं, हे दोन्ही हवं. ठाणेकर, मेकनच्या पुतळ्याचा मुद्दाही मानतो. तिथे हेतू ओळखायला हवाच, आणि त्या कामासाठी व्याख्येतली जुन्या ज्यूद्वेषाची उदाहरणं पुरेशी होती. ज्यूंना मारा म्हणणं, जग ज्यू चालवतात असले आरोप, होलोकॉस्ट झालाच नाही म्हणणं. त्यांच्याबद्दल कोणाचाच वाद नाही. इस्राएलविषयीची सगळी उदाहरणं मी सरसकट काढायला सांगत नाही. ज्यूंना त्या देशाच्या करणीचा जाब विचारणं, हे उदाहरण ताईंच्या मुलीचंच आहे आणि ते राहायलाच हवं. बाकीची, जिथे मताची छाननी सुरू होते, ती राज्याच्या यंत्रणेच्या हातात द्यायला नको होती.

आपल्या शहराबद्दल एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. जॉर्जियात निदान घरमालकाविरुद्ध १९६८ चा कायदा आहे. मुंबईत खासगी मालकाने धर्म, जात, मांसमच्छी यावरून दार लावलं तर थेट त्यासाठी असा कायदा नाही. घटनेचं कलम १५ मुख्यतः सरकारला बांधतं, त्यापलीकडे दुकानं, हॉटेलं, विहिरी अशा सार्वजनिक जागांना. एखाद्या गृहनिर्माण सोसायटीने एकाच समाजापुरतं सभासदत्व ठेवलं तर चालेल, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या प्रकरणात सांगितलं. २०१७ मध्ये शशी थरूर यांनी सर्व प्रकारच्या भेदभावाविरुद्ध एक खासगी विधेयक लोकसभेत मांडलं, ते पुढे गेलं नाही. महाराष्ट्राने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, पण अल्पसंख्याक दर्जाने ब्रोकरचा प्रश्न थांबत नाही.

माझगावची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री मुलीला हा सगळा मजकूर फोनवर वाचून दाखवला. चेंबूरच्या मुला, तुझं वाचताना ती मध्येच थांब म्हणाली. तिच्या जुन्या फ्लॅटमध्येही एका मुलाचा कप असाच वेगळा होता, आणि ते तेव्हा तिला खटकलं होतं, असं म्हणाली. बाळा, तू कुठे असशील तिथे सुखी राहा. मुंबईत आलास की घरी ये, माझगाव लांब नाही.

ठाणेकर दादा, तुमचं नरिमन हाऊसचं वाचून मलाही ती रात्र आठवली. मी तुमच्याइतकीच त्या जखमेची आहे. पण या कायद्याबाबत माझं मन आता ठरलं आहे. माझ्या मुलीला कोणी मारलं, धमकावलं, नोकरीतून काढलं, तर जॉर्जियाने तिच्या बाजूने उभं राहावं, आणि ते ज्यू म्हणून झालं हे ओळखावं. त्यासाठी व्याख्या असेल तर ती मला हवी आहे. पण माझ्या नणंदेच्या देशाबद्दल रामल्लाच्या नातीला काय वाटतं, हे एखाद्या साहेबाने टेबलावर घेऊन तपासावं, हे मला माझ्या मुलीच्या नावावर नको. ज्यांनी ठेवून घेतलं त्यांच्यावर ओझं टाकून आम्हाला संरक्षण नको आहे. आमच्या समाजाला १९६० च्या दशकात खुद्द इस्राएलमध्ये, तिथल्या धर्ममंडळाने, लग्नाच्या बाबतीत तुम्ही पुरते ज्यू आहात का असं विचारलं होतं. आपली माणसं तिथल्या सरकारविरुद्ध आणि रब्बींविरुद्ध धरणं धरून बसली, १९६४ मध्ये तिथल्या संसदेला आपल्या बाजूने बोलावं लागलं. माझे मामेसासरे त्या धरण्यात होते. तेव्हा इस्राएलवर टीका करणं काय असतं ते आमच्या घराला शिकवायला नको.

मुलीने ठरवलंय, ग्रुपवर लिहायचं. नावं घालणार नाही. विद्यापीठाकडे आत्ता तक्रार नाही, पण नोंद करून ठेवायची आहे. वकीलसाहेब, त्यासाठी काय जपून ठेवायचं तेवढं सांगा.

फोर्टातला_वकील

ताई, मेसेजचा स्क्रीनशॉट तारीख आणि वेळ दिसेल असा, शिवाय मूळ चॅट फोनवरून पुसू नये. त्याआधीचे भाडं आणि डिपॉझिट ठरल्याचे मेसेजही ठेवा, त्यावरून दिसतं की ज्यू असल्याचं कळेपर्यंत जागा पक्की होती. तिने आजच बसून घटनाक्रम स्वतःच्या शब्दांत लिहावा आणि स्वतःलाच ईमेल करावा. विद्यापीठाच्या समान संधी कार्यालयात नुसती नोंद करता येते का ते विचारावं. पुढे विद्यापीठाच्या आवारात काही झालं तर शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाकडे १८० दिवसांच्या आत जावं लागतं, ती मुदत चुकवू नये. आणि पुढची जागा जर ती थेट मालकाकडून किंवा बिल्डिंग चालवणाऱ्या कंपनीकडून घेणार असेल, तर अर्जाची प्रत ठेवावी आणि नकार आला तर कारण लेखी मागावं. तिथे घराचा कायदा लागू होतो, तक्रारीला एक वर्ष मिळतं.